हाकान शुकुर म्हणजे फक्त इटलीतलं अपयश नव्हे

तुर्कस्तानचा फुटबॉलपटू हाकान शुकुरला कुणीतरी ‘इटलीत फसलेला’ म्हणून निकालात काढलंय. तोरिनो, इंटर, पार्मा या इटालियन क्लबांत कुठेच बस्तान बसलं नाही हे खरं. पण गालातासराय या तुर्की क्लबकडून खेळला त्याचं काय? २००० साली इंग्लंडच्या आर्सेनलला हरवून युएफा कप जिंकला, तुर्की क्लबचा पहिलाच युरोपीय करंडक! देशासाठी ११२ सामन्यांत ५१ गोल. २००२ च्या विश्वचषकात मात्र गडी पार थंड, आणि तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत दक्षिण कोरियाविरुद्ध थेट अकराव्या सेकंदाला गोल. पुढे तुर्कस्तानचे नेते एर्दोआन यांच्या पक्षाचा खासदार, मग फारकत, आता अमेरिकेत परागंदा. २०२२ च्या विश्वचषकात शुकुरच्या त्या अकरा सेकंदांच्या गोलाचा नुसता उल्लेख केला म्हणून तुर्की सरकारी वाहिनीने समालोचकाला मध्यंतरातच हटवलं, बोला!