प्रेमळ देव आणि कायमचा नरक: फॅमिली ग्रुपवरची चर्चा

मंदार: मामा, देव सगळ्यांवर प्रेम करतो म्हणतात, मग कायमचा नरक कशाला?

मामा: तीन विधानं मांड. देवाला सगळ्यांचं भलं हवंय. त्याला हवं ते तो घडवू शकतो. तरी काही जीव कायमचे नरकात राहतात. तिन्ही एकदम गळी उतरत नाहीत. कोण कोणतं सैल करतंय तेवढं बघायचं. आग खरी की रूपक यावर भांडून काही हाती लागत नाही.

ताई: ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीन तिसरं विधान सोडतच नाही. बायबलातल्या मत्तय २५:४६ मध्ये सार्वकालिक शिक्षा आणि सार्वकालिक जीवन एकाच ओळीत आहेत. जीवन न संपणारं मानता, तर शिक्षाही माना, असा त्याचा हिशोब.

आत्या: आपल्याकडे ही भानगडच नाही. भोग संपला की पुन्हा जन्म. गीता ९.२१ प्रमाणे पुण्य सरलं की स्वर्गातूनही परत यावं लागतं.

ताई: आत्या, मध्वाचार्यांचं काय मग? १३ व्या शतकात त्यांनी जीवांचे तीन वर्ग केले: मुक्तियोग्य, नित्यसंसारी, तमोयोग्य. तिसऱ्यांना अंधतमस, म्हणजे गडद अंधाराचा नरक, तिथून सुटका नाही. जीवाचा स्वभाव अनादी, म्हणून दोष देवाकडे जात नाही. पण तो स्वभाव देव बदलत का नाही, हे उरतंच.

मंदार: शेवटी सगळेच सुटतात असं कोणी म्हणत नाही का?

मामा: म्हणतो ना, ख्रिस्ती विचारवंत ओरिजेन, ३ रं शतक. चर्चच्या ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेशी जोडलेल्या निषेधांत हे मत चुकीचं ठरवलंय. गंमत म्हणजे ४ थ्या शतकातला बिशप, निसाचा ग्रेगरी, जवळपास तेच म्हणतो, आणि त्याला चर्च संत मानतं! 'चर्चने हे कधीच निकालात काढलंय' म्हणणाऱ्याला ग्रेगरीबद्दल विचार.

ताई: हल्ली जास्त चालतं ते उत्तर वेगळं आहे. देव ढकलत नाही, माणूसच पाठ फिरवतो. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाचा परिच्छेद १०३७ सांगतो की देव कोणालाही नरकासाठी आधीच नेमून ठेवत नाही.

आत्या: हे पटतं गं. जबरदस्तीने कोणाला आत कसं घेणार?

मामा: इथवर ठीक. पण जिवंतपणी मन बदलता येतं, मग मेल्यावर का नाही? मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मपंडित अक्वायनसचं उत्तर असं की शरीर सुटलं की इच्छा जिथे होती तिथेच पक्की होते. बरं, मग हा नियम कोणाचा? देवाचाच असेल, तर माणसाच्या निवडीवर सगळा भार टाकता येत नाही. हे उत्तर माझ्या मते इथेच लंगडं पडतं.

मंदार: ज्यूंकडे मुदत असते ना?

मामा: मिश्नात, म्हणजे ज्यूंच्या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहात, एदुयोत २:१० मध्ये, रब्बी (धर्मगुरू) अकिवाच्या नावावर आहे: गेहिन्नोममध्ये, म्हणजे त्यांच्या नरकात, दुष्टांना बारा महिने.

आत्या: बारा महिने म्हटलं की देव प्रेमळ आहे हे निदान मानता तरी येतं.