डीव्हीडी ४.७ मध्ये बसवताना एकात भिंत थरथरते, दुसऱ्यात गज पुसट होतात. काय करू?

सायंतारा

नमस्कार मंडळी. घरात सिनेमांच्या चाळीसेक डीव्हीडी आहेत, सगळ्या विकत घेतलेल्या. आता त्यांवर ओरखडे पडायला लागलेत, म्हणून एकेक प्रत काढून मूळ डिस्क कपाटात ठेवायचं ठरवलंय. बाबांच्या खोलीतला प्लेअर डबल लेयर (दोन थरांची, जास्त जागेची) रिकामी डिस्क ओळखतच नाही. त्यामुळे सगळं साध्या ४.७ जीबीच्या डिस्कवर बसवावं लागतंय.

प्रयोगाला २ तास ८ मिनिटांचा एक सिनेमा घेतला. पाल डिस्क आहे (आपल्याकडची टीव्ही पद्धत). फोल्डर विंडोजमध्ये ६.९ जीबी दिसतो. दोन सॉफ्टवेअर वापरून पाहिली.

पहिल्याने वीस मिनिटांत उरकलं. उजेडातले प्रसंग झकास, मूळ कुठलं नि प्रत कुठली सांगता येणार नाही. पण एका प्रसंगात अंधाऱ्या खोलीत मेणबत्ती आहे, तिथे मागची भिंत थरथरते. थरथरते म्हणजे एका लयीत, श्वास घेतल्यासारखी. एकदा दिसली की मग मेणबत्तीकडे लक्षच जात नाही.

दुसरं एका बटणावर चालणारं. त्याने साडेचार तास खाल्ले. भिंत शांत झाली, पण सगळं चित्र मऊ पडलं. त्याच खोलीच्या खिडकीचे गज एकमेकांत मिसळून गेलेत. गंमत म्हणजे खिडकीची आडवी पट्टी व्यवस्थित दिसते.

एवढा वेळ घेऊन असं? की माझंच काही चुकतंय?

निमूट

कॉम्प्रेस करताच कशाला? मेकएमकेव्ही सॉफ्टवेअरने आहे तसं एमकेव्ही फाईलमध्ये घ्या, चित्राचा एक बिटही बदलत नाही. जागा वाचवायचीच असेल तर हँडब्रेक सॉफ्टवेअर, त्यात एक्स-२६४ एन्कोडर आणि दर्जाचा आकडा आरएफ २०. डीव्हीडीच्या चित्राला एवढं भरपूर झालं. डिस्कवरच्या त्या जुन्या एमपेग-२ कॉम्प्रेशनला आता किती दिवस कवटाळून बसायचं?

सायंतारा

निमूट, माझ्यापुरतं तेच करणार आहे. पण बाबा डिस्क घालतात आणि प्ले दाबतात. त्यांच्या प्लेअरला एमकेव्ही कळत नाही आणि बाबांना ते शिकायचं नाही. दोघंही ठाम आहेत.

ठोकळेबाज

सायंतारा, गज आणि आडवी पट्टी लिहिलंत ते फार बरं केलंत, निम्मं निदान तिथेच झालं. दुसऱ्या सॉफ्टवेअरने केलेली फाईल मीडियाइन्फोमध्ये (फाईलची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा आणि रुंदी बघा. ७२० पिक्सेलच्या जागी ३५२ असणार, मी पैजेवर सांगतो. डीव्हीडीच्या नियमात ७२०×५७६ चालतं तसं ३५२×५७६ सुद्धा चालतं. लोक त्याला हाफ डी-१ म्हणतात. उंची तेवढीच राहते, रुंदी निम्मी होते. म्हणून उभ्या बारीक रेषा एकमेकांत विरघळतात आणि आडव्यांना धक्का लागत नाही. नुसत्या कमी बिटरेटने (सेकंदाला कमी डेटा दिल्याने) चित्र मऊ पडलं असतं तर ते दोन्हीकडून पडलं असतं. एका बटणाची सॉफ्टवेअर बऱ्याचदा 'लाँग प्ले' असलं काहीतरी स्वतःच निवडून बसतात आणि तुम्हाला विचारत नाहीत.

आता थरथरणारी भिंत. तुमचं पहिलं सॉफ्टवेअर ट्रान्सकोडर जातीचं दिसतंय. डीव्हीडी श्रिंक, डीव्हीडी-टू-वन ही त्याच जातीतली. ही मंडळी चित्र नव्याने एन्कोड करत नाहीत. मूळ एमपेग-२ मध्ये ८×८ च्या प्रत्येक ठोकळ्याचे आकडे असतात. तेच आकडे मोठ्या संख्येने भागून आणखी ढोबळ करायचे, लहान असतील ते शून्य करायचे, झालं. कुठली वस्तू कुठून कुठे सरकली हे शोधण्याचं काम मूळ एन्कोडरने करून ठेवलेलंच असतं, ते जसंच्या तसं उचलतात. म्हणून वीस मिनिटं.

अंधाऱ्या भिंतीवर फरकच बारीक असतात, त्यामुळे पहिल्यांदा तेच मरतात. त्यात गोम अशी की आय-फ्रेम पूर्ण चित्र असते आणि पुढच्या पी-फ्रेम आधीच्या चित्रावर टेकलेल्या असतात. एकीत झालेली चूक पुढचीच्या गळ्यात पडते, तिची त्यापुढचीच्या, असं साचत जातं. पुढची आय-फ्रेम आली की सगळं एकदम साफ, आणि पुन्हा साचायला सुरुवात. पाल डिस्कवर एका आय-फ्रेमपासून पुढचीपर्यंतचा हा गट सहसा १२ ते १५ फ्रेमचा असतो आणि सेकंदाला २५ फ्रेम. म्हणजे दर अर्ध्या सेकंदाला एक झटका. घड्याळ लावून मोजा, तुमची भिंत सेकंदाला दोनदा श्वास घेत असेल.

पण सॉफ्टवेअर बदलण्याआधी डिस्कवरचं काय फेकता येईल ते बघा. मी गेली कित्येक वर्षं हेच सांगत आलोय आणि लोक तरी 'बेस्ट एन्कोडर कुठला' हेच विचारतात. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं आणि डिस्कवाले हजारच्या, म्हणून तुम्हाला दिसणारे ६.९ म्हणजे डिस्कच्या हिशेबात ७.४. ते जसंच्या तसं ४.७ मध्ये कोंबलं तर सगळं मिळून ६४ टक्क्यांवर येतं. ट्रान्सकोडरला हे झेपत नाही. ८५ च्या वर असेल तर मी डोळे मिटून ट्रान्सकोडर वापरतो, ७५ च्या खाली कधीच नाही. मधल्या पट्ट्यात सिनेमात अंधार, धूर, पाऊस किती त्यावर ठरवतो. डिस्कवर डीटीएसचा (अनेक स्पीकरच्या आवाजाचा) ट्रॅक आहे का? दिग्दर्शकाची कॉमेंट्री? सिनेमा कसा केला त्याची फिल्म?

सायंतारा

३५२. पैज जिंकलात.

ट्रॅक तीन आहेत: डॉल्बी ५.१ (४४८ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला किलोबिट), डीटीएस (७६८) आणि कॉमेंट्री (१९२). शिवाय शूटिंगची फिल्म, ती एकटीच १ जीबीच्या आसपास. भिंतही मोजली. दहा सेकंदांत एकवीस झटके.

ठोकळेबाज

मग हिशेब सोपा आहे. २ तास ८ मिनिटं म्हणजे ७६८० सेकंद. नुसता डीटीएस ७३७ एमबी खातोय, कॉमेंट्री १८४. बाबांच्या टीव्हीला दोनच स्पीकर असतील तर त्या डीटीएसचा उपयोग कोणाला? दोन्ही ट्रॅक आणि ती फिल्म काढली की ७.४ चे ५.५ होतात. तुम्ही ६४ वरून थेट ८५ वर आलात आणि चित्राला अजून हातसुद्धा लावलेला नाही.

एवढ्यावर ट्रान्सकोडर चालून जाईल. त्यात डीप अॅनालिसिस (आधी सगळा सिनेमा तपासून घेणं) सुरू करा. डीव्हीडी श्रिंकमध्ये एरर कॉम्पेन्सेशनही आहे, शार्प ते स्मूद असे पर्याय मिळतात. अंधाऱ्या सिनेमाला स्मूदच्या बाजूला राहा. तरीही मेणबत्तीपाशी खटकलं तर या एका डिस्कसाठी पूर्ण एन्कोड करा: डीव्हीडी रीबिल्डर आणि त्यात एचसी एन्कोडर, दोन पास (म्हणजे सिनेमावरून दोनदा फिरणं). चित्राला सरासरी ४४५० केबीपीएस मिळतील. सोप्या प्रसंगातले बिट वाचवून तो मेणबत्तीवर खर्च करतो, दोन पासचा फायदा तोच. रुंदी ७२० आहे ना ते आधी बघा. डीनॉइज (चित्रातले दाणे पुसणं) बंद ठेवा. आणि डीइंटरलेसच्या (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं जोडण्याच्या) वाटेला जाऊ नका, डिस्कवरच परत जायचंय.

चाचणीत एक गाढवपणा मी केलेला आहे, तो तुम्ही टाळा. फक्त मेणबत्तीची पाच मिनिटं वेगळी काढली आणि '४.७ मध्ये बसव' म्हटलं. ती आधीच बसत होती! सॉफ्टवेअरने काहीच कॉम्प्रेस केलं नाही आणि मी 'वा, काय क्वालिटी!' म्हणून खूश. तुकडा घ्यायचा तर बिटरेट पूर्ण सिनेमाचाच द्या. दुसरा गाढवपणा याहून महाग पडला. लॅपटॉपच्या छोट्या खिडकीत बघून पास केलं आणि ओरखड्यांनी बेजार झालेल्या मूळ डिस्क टाकून दिल्या. मोठ्या टीव्हीवर लावल्यावर डझनभर सिनेमांत आकाशाच्या जागी फरशी बसवलेली दिसली. तेव्हापासून हे टोपणनाव.

हलकाफुलका

ठोकळेबाजांशी एका बाबतीत असहमत. सिनेमा जुना आणि दाणेदार असेल तर ८५ वरही ट्रान्सकोडर फसतो. दाणे दर फ्रेमला बदलतात, त्यात बिट उडतात. अशा वेळी हलकं डीनॉइज केलेलं मला चालतं. थोडं मऊ चित्र सोसवतं, मुंग्या वळवळलेल्या सोसवत नाहीत.

ठोकळेबाज

दाणे म्हणजेच चित्र, हे माझं मत मी बदलणार नाही. पण बाबा माझे असते तर कदाचित बदललं असतं.

सायंतारा

झालं! आधी फापटपसारा काढून ट्रान्सकोडर लावला, ८५ टक्के. भिंत जवळजवळ थांबली, टीव्हीपासून दोन हातांवर बसलं तरच हलते. तरी हट्टाने रात्रभर एचसी लावून ठेवला. सकाळी शेजारी शेजारी थांबवून पाहिलं: पाचही गज सुटे, भिंत गप्प. फक्त मेणबत्तीभोवतीच्या उजेडाच्या कडांना किंचित पायऱ्या दिसतात, आणि त्या मूळ डिस्कवरही आहेत. इतके दिवस माझं लक्षच गेलं नव्हतं.

बाबांना दोन्ही प्रती न सांगता दाखवल्या. त्यांना काडीचाही फरक दिसला नाही. त्यांची तक्रार वेगळीच: 'गाणी निवडायचं पान कुठे गेलं?' मी फक्त सिनेमा घेतला, त्यात मेनू गेला.

ठोकळेबाज

अर्रर्र, हे मीच आधी विचारायला हवं होतं. परत करा, पण यावेळी डीव्हीडी श्रिंकमध्ये री-ऑथर (फक्त सिनेमा उचलणारा पर्याय) न घेता फुल डिस्क घ्या. मेनू ठेवायचा, शूटिंगच्या फिल्मवर जाऊन 'स्टिल इमेज' निवडायचं आणि दोन्ही ट्रॅकच्या खुणा काढायच्या. कॉम्प्रेशन शून्य ठेवून हार्ड डिस्कवर सेव्ह करा आणि तो फोल्डर रीबिल्डरला द्या. मेनू शाबूत राहतो. फिल्मच्या बटणावर नुसतं एक स्थिर चित्र येईल, ते मात्र बाबांना आधीच सांगून ठेवा.