'एक्सेस' परत मिळतो, भरून मिळतो की वसूल होतो?

रेडिंग, इंग्लंडहून

मंडळी, एका शब्दावर अडले आहे. इथल्या मराठी मंडळासाठी एक पत्रक लिहितेय. इंग्लंडमध्ये नव्याने गाडी घेतलेल्यांना अपघातानंतर काय करायचं, ते साध्या मराठीत सांगायचं आहे. सगळं जमलं, फक्त 'एक्सेस' जमेना.

मार्चमध्ये मी सिग्नलला थांबले होते आणि मागून एक व्हॅन येऊन धडकली. चूक आपली, असं चालकाने तिथेच कबूल केलं. दुरुस्तीचं बिल 2,100 पौंड झालं. माझ्या विमा कंपनीने 1,750 दिले आणि गॅरेजमधून गाडी सोडवताना 350 मी भरले: 100 सक्तीचे, आणि हप्ता कमी बसावा म्हणून मीच पत्करलेले 250. हे साडेतीनशे म्हणजे एक्सेस, दुरुस्तीच्या बिलातली आपण स्वतः भरायची ठरलेली रक्कम. मी आधी 'अधिभार' लिहिलं होतं. आईने वाचून विचारलं, "हप्त्यावर जादा लावतात ते का गं?" तिथेच कळलं की शब्द चुकला.

ठाण्याहून

अधिभार नकोच. वीजबिलात इंधन अधिभार येतो, तो मूळ रकमेवर चढवलेला असतो. इथे कोणी काही चढवत नाही, उलट मिळायच्या रकमेतून कापतात. मग सरळ 'वजावट' का नको? आयकरामुळे तो शब्द सगळ्यांच्या कानावर आहे.

पुण्याहून

मी पंचवीस वर्षं मोटर विम्याचे सर्व्हे केले. आपल्याकडच्या पॉलिसीत 'कंपल्सरी डिडक्टिबल' छापलेलं असतं: 1500 सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला 1,000 रुपये, त्यापुढच्या गाडीला 2,000. वजावट हा त्याचा नेमका अर्थ. पण गॅरेजात हे कोणी म्हणत नाही. तिथे त्याला 'फाइल चार्ज' म्हणतात. "साहेब, हजार रुपये फाइल चार्ज पडेल." गाडीवाल्याला वाटतं कागदपत्रं करायचे पैसे घेतले, तो देतो आणि विसरतो. तो आपल्याच नुकसानीचा भाग होता, हे त्याला कळतच नाही. मला या नावाचा फार राग येतो. चुकीच्या नावाने माणसाचा हक्कच त्याच्या नजरेआड होतो.

तसाही तो हजार रुपयांसाठी भांडत नाही म्हणा. धडक देणाऱ्याकडून मालमत्तेची भरपाईसुद्धा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मागता येते, 1988च्या कायद्यात तशी सोय आहे. पण एवढ्याशा रकमेसाठी ती पायरी कोण चढणार?

रेडिंगहून

काका, हक्क नजरेआड होतो म्हणालात, माझं अगदी तेच झालं. दोन महिने मी माझ्याच कंपनीला फोन करत होते, "माझ्या एक्सेसचा परतावा कधी देणार?" दर वेळी उत्तर एकच, तो आम्ही देत नाही. मला वाटलं टाळाटाळ चालली आहे. खूप त्रास झाला त्या दोन महिन्यांत.

नाशिकहून

ताई, 'परतावा' म्हणालात तिथेच घोटाळा झाला. परतावा देतो तो, ज्याने आपल्याकडून घेतलेलं असतं. आयकर जास्त कापला गेला तर सरकार परतावा देतं. तुमचे 350 कंपनीने घेतले कुठे? ते गॅरेजला गेले. कंपनी त्या रकमेपुरती बाजूला राहिली, एवढंच. तिने घेतलेलं नाही, तर परत काय देणार?

'भरपाई' देतो तो, ज्याने नुकसान केलं. म्हणजे व्हॅनवाला, आणि त्याच्या वतीने त्याची विमा कंपनी. आणि 'वसुली' म्हणजे देणं लागणाऱ्याकडून पैसे काढून घेणं, त्यात थोडा तगादाही आला. तेव्हा भरपाई मागायची, दिली नाही तर वसुली करायची. परतावा मात्र इथे कोणाकडेच मागता येत नाही.

लेस्टरहून

अगदी बरोबर. मी इथे मोटर क्लेम्सचंच काम करतो. इंग्रजीत एक्सेसला 'अनइन्शुअर्ड लॉस' धरतात, मराठीत 'विम्याबाहेरचं नुकसान' म्हणता येईल. गाडी गॅरेजात असताना टॅक्सीला गेलेले पैसेही त्यातच. तुमची कंपनी तिने मोजलेले 1,750 समोरच्या कंपनीकडून वसूल करते, पण तुमचे 350 मागायला ती बांधील असेलच असं नाही. काही कंपन्या मागतात. पॉलिसीबरोबर 'लीगल कव्हर' घेतलं असेल तर त्यांचे वकील मागतात. नाहीतर आपणच समोरच्या कंपनीला लिहायचं, सोबत गॅरेजची पावती, फोटो आणि तिच्या विमेदाराचा गाडी नंबर. त्यांनी दिलं नाही तर इंग्लंड-वेल्समध्ये 10,000 पौंडांपर्यंतचे असे दावे स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे कोर्टातल्या लहान रकमेच्या दाव्यांच्या सोप्या पद्धतीने, चालतात आणि गाडीच्या नुकसानीसाठी 6 वर्षांची मुदत असते. दोष अर्धा-अर्धा ठरला तर एक्सेसही साधारण अर्धाच मिळतो.

पत्रकात हेही घाला, की चूक उघडच समोरच्याची असेल तर आपल्या पॉलिसीवर क्लेम न करता थेट त्याच्या कंपनीकडे दावा करता येतो. मग एक्सेसचा प्रश्नच येत नाही. तिच्या दृष्टीने तुम्ही 'थर्ड पार्टी'.

नाशिकहून

'थर्ड पार्टी'ला आपल्याकडे किती देखणा शब्द आहे, तिऱ्हाईत! विमेदार आणि कंपनी हे करारातले दोघे, त्या दोघांबाहेरचा तो तिऱ्हाईत. सरकारी मराठीत 'त्रयस्थ पक्ष' लिहितात, पण आजीलाही कळेल तो तिऱ्हाईतच.

श्टुटगार्टहून

जर्मनीत या रकमेला 'सेल्ब्स्टबेटायलिगुंग' म्हणतात. फोड केली तर स्वतःचा सहभाग. हा शब्द गाडीवाल्याच्या बाजूने पाहतो. 'वजावट' कंपनीच्या बाजूने पाहते, की आम्ही किती कापलं. आणि इंग्रजी 'एक्सेस' तर उलटाच वाटतो. अमुक रकमेच्या वरचं नुकसान कंपनी देणार, म्हणजे शब्दाने 'वरचं' ते कंपनीचं. पण वापरात तो खालच्या, आपण सोसायच्या रकमेला चिकटलाय. म्हणून 'आधिक्य' असं शब्दशः भाषांतर कोणी करू नये.

ठाण्याहून

हे पटलं. वजावट मागे घेते. मग 'पदरमोड'? पैसे पदरचेच जातात ना.

नाशिकहून

शब्द मलाही प्रिय आहे, पण पदरमोड माणूस बहुधा आपखुशीने करतो, शाळेसाठी, नाटकासाठी, कोणाच्या तरी अडचणीला. गॅरेजात भरलेल्या पैशांना ते नाव शोभत नाही. 'भुर्दंड'ही तपासून पाहिला. ताईंच्या बाबतीत तो नेमका बसतो, कारण भुर्दंड म्हणजे आपला काही दोष नसताना पडलेला खर्च. पण स्वतःच्या चुकीने खांबाला गाडी ठोकली तरी एक्सेस भरावाच लागतो, त्याला भुर्दंड कसं म्हणणार? पारिभाषिक शब्द दोन्हीकडे चालला पाहिजे.

मी 'स्ववाटा' सुचवतो. सक्तीचा स्ववाटा, ऐच्छिक स्ववाटा.

लेस्टरहून

स्ववाटा आवडला. एक सावधगिरी, विमा कंपनी दाव्याची 'फॉल्ट' किंवा 'नॉन-फॉल्ट' अशी नोंद करते, त्यातल्या 'नॉन-फॉल्ट क्लेम'चं भाषांतर 'निर्दोष दावा' करू नका. इथे कंपनी दोषाचा निवाडा करत नाही, तिला तिचे पैसे पूर्ण वसूल झाले का, एवढंच त्या नोंदीत पाहतात. उभ्या गाडीला कोणी ठोकून पळून गेला आणि सापडलाच नाही, तर तुमचा काडीचा दोष नसताना नोंद 'फॉल्ट' अशीच होते. लोक ते वाचून दुखावतात. मी फोनवर रोज ऐकतो. 'वसूल झालेला' आणि 'वसूल न झालेला' दावा असं लिहिलंत तर कोणाच्या मनाला लागणार नाही.

पुण्याहून

आमच्याकडे ते दुखणं निराळं. इथे आपल्या पॉलिसीवर क्लेम केला की चूक कोणाची का असेना, नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. 50 टक्क्यांपर्यंत चढलेला बोनस. हजाराच्या स्ववाट्यापेक्षा तो जास्त सलतो.

रेडिंगहून

सगळ्यांचे मनापासून आभार. व्हॅनवाल्याच्या कंपनीला काल पत्र पाठवलं, आणि पत्रकातलं वाक्य आता असं केलंय:

"चूक समोरच्याची असेल तर तुम्ही भरलेल्या स्ववाटाची भरपाई त्याच्या विमा कंपनीकडे मागा, तुमच्या कंपनीकडे परतावा मागू नका."

चालेल ना?

नाशिकहून

चालेल, फक्त 'स्ववाट्याची' करा. वाटा, वाट्याची, सामान्यरूप बदलतं.