‘साउंडिंग’मध्ये ध्वनी नाही : बर्फाचा थांग घेणाऱ्या रडारला मराठीत काय म्हणावं?

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत मुलांचं एक भित्तिपत्रक निघतं. या महिन्याचा विषय अंटार्क्टिका. नववीतल्या एका मुलीनं लिहिलंय : “शास्त्रज्ञ विमानातून बर्फात ध्वनी सोडतात आणि खालच्या शय्येवर आदळून परत आलेला आवाज ऐकतात.” वाक्य ऐकायला छान आहे, पण विमानातून बर्फात कुणी आवाज सोडत नाही, सोडतात त्या रेडिओ लहरी, आणि तिथे शय्याही नाही. दोष मुलीचा नाही. तिनं ज्या लेखावरून टिपणं काढली, त्यातच ‘रेडिओ इको साउंडिंग’चं, म्हणजे परतलेल्या रेडिओ लहरींवरून बर्फाची जाडी मोजण्याचं, ‘रेडिओ प्रतिध्वनी ध्वनिमापन’ केलेलं होतं.

इंग्रजीतलं हे ‘साउंडिंग’ आवाजाच्या ‘साउंड’मधून आलेलं नाही. खोली मोजणे या अर्थाच्या जुन्या फ्रेंच क्रियापदातून ते आलं. खलाशी दोरीला शिशाचा गोळा बांधून पाण्यात सोडायचे आणि किती दोरी गेली ते मोजायचे, ते साउंडिंग. दोन शब्द दिसायला सारखे, एवढाच त्यांचा संबंध. आपण भाषांतर करताना नेमके त्याला फसलो.

आणि आपल्याकडे तर या कामाला आयता शब्द आहे : थांग. थांग घेणे, थांग लागणे, अथांग. हिंदीत ‘थाह’ आहे. ‘त्याच्या मनाचा थांग लागत नाही’ असं आपण रोज म्हणतो, पण मूळ गोष्ट खोलीचीच. म्हणून माझा प्रस्ताव ‘रेडिओ-थांग’. ‘बर्फाचा रेडिओ-थांग घेतला’ असं वाक्य मला सहज वाटतं. तुम्हाला?

दुसरा प्रश्न ‘बेड’चा, म्हणजे बर्फ ज्यावर टेकलेला असतो त्या पृष्ठभागाचा. शय्या नकोच, पण मग तळ, बूड, पात्र, की तळखडक?

प्रतिसाद (नारायणगाव)

ताई, ‘थांग’ला माझं मत. आमच्या गावाजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० मोठ्या तबकड्या आहेत, त्यामुळे रेडिओ लहर म्हणजे आवाज नव्हे हे समजावण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय. आकाशवाणी ऐकून ऐकून लोकांच्या मनात रेडिओ म्हणजे आवाज असंच बसलंय. ही लहर प्रकाशाच्या जातीची, फक्त लांबी मोठी.

मुलांना एक सांगा. बर्फाच्या अभ्यासात ६० ते १५० मेगाहर्ट्झच्या लहरी पुष्कळ वापरल्या गेल्या आहेत. आपलं एफएम ८८ ते १०८ मध्ये चालतं, म्हणजे बरोबर त्यांच्या अधेमधे. ६० मेगाहर्ट्झची लहर बर्फात सुमारे २.८ मीटर लांब होते, माणसापेक्षा उंच. थंड, कोरड्या बर्फात अशी लहर फारशी शोषली जात नाही, म्हणून किलोमीटरच्या किलोमीटर खाली जाऊन परत येते. हवामान खात्याचं रडार पावसाच्या थेंबांवरून लहर परत मिळवतं, पण त्याची लहर काही सेंटिमीटरचीच. जात तीच, कामं निराळी.

प्रतिसाद (सांगवी)

मी बोअरवेलच्या धंद्यात आहे, त्यामुळे ‘बेड’बद्दल बोलतो. आमच्याकडे ‘कातळ लागला’ म्हणतात. पण बर्फाखाली सगळीकडे कातळच असेल कशावरून? चिखल असेल, वाळू-गोटे असतील, पाणी असेल. ‘तळखडक’ म्हटलं की खाली काय आहे ते आपण न बघताच सांगून टाकलं. ‘बूड’ भांड्याचं. नदीचं ‘पात्र’ ठीक, पण हा बर्फ पात्रात मावत नाही, डोंगर-दऱ्या गिळून वर पसरलेला असतो. ‘तळ’च घ्या.

मूळ लेखिका

दादा, तुमचा मुद्दा लाखमोलाचा आहे. वोस्तोकचीच गोष्ट बघा. १९७०च्या दशकात पूर्व अंटार्क्टिकावरून उडणाऱ्या विमानांच्या रडार-नोंदींत एके ठिकाणी तळ विलक्षण सपाट आणि विलक्षण चकाकता दिसला. खडकावरून येणारं परावर्तन ओबडधोबड असतं. पाण्यावरून येतं ते आरशासारखं. जवळजवळ ४ किलोमीटर बर्फाखाली तिथे सरोवर होतं, सुमारे २५० किलोमीटर लांब. १९९६ साली त्याचा पूर्ण विस्तार जगापुढे आला. तिथे ‘तळखडक’ लिहिणं म्हणजे शोधाचाच पत्ता कापणं.

पण ‘तळ’ची माझी अडचण वेगळी आहे. विमानतळ, लष्करी तळ, तळ ठोकणे. बातम्यांत मैत्री आणि भारती या आपल्या केंद्रांनाही तळ म्हणतात. ‘अंटार्क्टिकाच्या तळावर संशोधन’ असं वाचलं तर बर्फाखाली की मैत्रीवर? म्हणून ‘हिमतळ’ करावं का? की पहिल्यांदा ‘बर्फाखालचा तळ’ आणि पुढे नुसतं ‘तळ’?

प्रतिसाद (सदाशिव पेठ)

दुसरा पर्याय. जोडशब्द जितके कमी तितकी वाक्यं चालती राहतात. आणि ‘हिम’ की ‘बर्फ’ याचाही निकाल लावा. इंग्रजीत भुरभुरणारा वेगळा आणि घट्ट वेगळा. आपल्या बोलण्यात दोन्ही बर्फच, ‘हिम’ फक्त समासात येतं : हिमनदी, हिमयुग, हिमवर्षाव. तेव्हा वाक्यात बर्फ, समासात हिम.

मात्र ‘आइस शीट’ला, म्हणजे खंडभर पसरलेल्या बर्फाला, ‘हिमचादर’ म्हणायला माझी हरकत आहे. चादर पातळ असते. ज्या थराची जाडी काही ठिकाणी साडेचार किलोमीटरच्या वर जाते त्याला चादर? लडाखात गोठलेल्या झंस्कारवरच्या वाटेला चादर म्हणतात, ते शोभतं. इथे ‘हिमस्तर’ म्हणा.

मूळ लेखिका

काका, मलाही असंच वाटायचं. मग काल रात्री हिशेब मांडला. अंटार्क्टिका आडवा ४ हजार किलोमीटरच्या वर, बर्फाची सरासरी जाडी साधारण २ किलोमीटर. म्हणजे दोन हजारास एक. दोन मीटरची सोलापुरी चादर घेतली तर या प्रमाणात तिची जाडी एक मिलिमीटर हवी, आणि जिथे बर्फ सर्वांत जाड तिथे दोनच्या थोडी वर. आपल्या घरातली चादर जवळपास तेवढीच असते! माणसाच्या मापानं तो बर्फ अफाट जाड, पृथ्वीच्या मापानं अंथरलेलं कापड. शिवाय ‘स्तर’ मला आतल्या थरांसाठी राखून ठेवायचा आहे. तेव्हा मी ‘हिमचादर’च ठेवते.

प्रतिसाद (सदाशिव पेठ)

हिशेब पटला. चादर राहू द्या.

प्रतिसाद (शिवाजीनगर)

‘आइस पेनिट्रेटिंग रडार’ असाही शब्द चालतो. त्याचं ‘हिमभेदी’ केलेलं मी पाहिलंय. भेदणं म्हणजे फोडणं : तटबंदी भेदली, चक्रव्यूह भेदला. ही लहर बर्फाला काहीच करत नाही. ‘वेध’ बघा. कर्णवेधात तो आरपार जातो, लक्ष्यवेधात नेम धरतो, आणि ‘ग्रहांचा वेध घेतला’ म्हणताना निरीक्षण करतो. आपण पुणेकर शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसला आजवर वेधशाळाच म्हणत आलो आहोत. आत शिरणं आणि पाहणं, दोन्ही एका शब्दात : हिमवेधी रडार. रस्ता खणण्याआधी पाइप शोधायला वापरतात ते भूवेधी रडार. भाऊबंद शोभतात.

मूळ लेखिका

हे फार आवडलं. यंत्र ‘हिमवेधी रडार’, क्रिया ‘थांग घेणे’. आता राहिला ‘प्रतिध्वनी’. त्यातही ध्वनी आहेच.

प्रतिसाद (नारायणगाव)

‘प्रतिसाद’ म्हणा की! रडारनं साद घातली, तळानं प्रतिसाद दिला.

मूळ लेखिका

गोड आहे, आणि भित्तिपत्रकाच्या मथळ्यासाठी मी उचलणार आहे. पण मजकुरात नको. प्रतिसाद म्हटला की देणाऱ्यानं काहीतरी ठरवून दिलं असं वाटतं. ‘परतलेली लहर’ साधं आहे, आणि सगळा हिशेब त्या परतण्यावरच तर आहे. हवेत ही लहर मायक्रोसेकंदाला ३०० मीटर जाते, बर्फात सुमारे १६८. समजा बर्फाच्या पृष्ठभागावरून शिरलेली लहर तळ गाठून ४० मायक्रोसेकंदांनी पृष्ठभागावर परतली. जाण्या-येण्याचे मिळून ६,७२० मीटर, म्हणजे बर्फ ३,३६० मीटर. कळसूबाईवर कळसूबाई ठेवली तरी बुडून जाईल.

ही युक्ती सुचली कशी तेही मुलांना सांगणार आहे. बर्फावरून उडताना विमानांचे रेडिओ उंचीमापक चुकीची उंची दाखवायचे, कारण लहर पृष्ठभागावर न थांबता आत जायची. १९५०च्या दशकात अमेरिकी सैन्यात काम करणाऱ्या एमोरी वेट यांनी हीच चूक कामाला लावली. पुढच्या दशकात केंब्रिजला स्टॅन इव्हान्स यांनी खास बर्फासाठी यंत्र बांधलं. १९६७ ते १९७९ मध्ये अंटार्क्टिकावर झालेल्या उड्डाणांच्या नोंदी फिल्मवर होत्या. त्या अलीकडे स्कॅन करून नव्या मोजणीशी ताडून बघतात.

प्रतिसाद (सांगवी)

आतल्या थरांचं राहिलं. विमानातून ते दिसतात म्हणजे नेमकं काय दिसतं?

मूळ लेखिका

हाच भाग मला सगळ्यांत प्रिय आहे. दरवर्षी पडलेला बर्फ दबून खाली जातो. एखादा मोठा ज्वालामुखी फुटला की त्याचं आम्ल त्या काळच्या बर्फावर बसतं, तिथली विद्युतवाहकता बदलते आणि तेवढ्या पातळीवरून थोडी लहर मागे फिरते. वरच्या भागात घनतेतल्या फरकानं, तर खोलात स्फटिकांची दिशा बदलल्यानंही असं होतं. रडारच्या चित्रात मग शेकडो किलोमीटर जाणाऱ्या रेघा उमटतात. जवळजवळ प्रत्येक रेघ एकाच काळाची असते. एका ठिकाणी खोल भोक पाडून बर्फाचा उभा दांडा, म्हणजे गाभा, काढला आणि त्यावरून वय काढलं की रेघ धरून दुसरीकडचं वय सांगता येतं.

सिंहगडाच्या वाटेवर लाव्ह्याचे थर एकावर एक दिसतात ना, मधे कुठे लाल पट्टा? चित्र तसंच, फक्त सह्याद्रीतले थर बरेचसे आडवे आहेत. बर्फ वाहतो, त्यामुळे त्याचे थर खालच्या डोंगरांवरून वर-खाली वाकतात.

यांना ‘थर’, ‘पदर’ की ‘पापुद्रे’? पापुद्रा खारीचा, सुटून येतो. पदर चिरोट्याचे, मुद्दाम घडी घालून केलेले. थर आपोआप साचतो, म्हणून थर. पण ‘आयसोक्रोन’ला ‘समकालीन थर’ म्हणावं तर दोन थर एकमेकांचे समकालीन वाटतात. मला म्हणायचंय की हा एकच थर, इथून तिथपर्यंत, एका वयाचा.

प्रतिसाद (शिवाजीनगर)

‘एकवयी थर’?

प्रतिसाद (सदाशिव पेठ)

किंवा ‘एककालिक’. पण नववीतल्या मुलीला विचारा, तिला कोणता न अडखळता वाचता येतो.

मूळ लेखिका

विचारलं. ती म्हणाली, “एका वयाचा थर असं सरळ लिहिलं तर?” तसंच लिहितोय. पहिलं वाक्यही तिनंच दुरुस्त केलं : “शास्त्रज्ञ विमानातून हिमवेधी रडारनं बर्फाचा थांग घेतात, तळावरून परतलेल्या लहरीला किती वेळ लागला त्यावरून बर्फाची जाडी कळते.” रविवारी चिकटवतोय. त्याआधी कुणाला काही खटकलं तर लगेच सांगा.