पोस्टग्रेस: ६० हजार ग्राहकांचे मोबाइल-ईमेल एकदम कसे बदलायचे?

प्रश्न – खातेवही
पोस्टग्रेस डेटाबेसच्या ग्राहक टेबलात ४ लाख ओळी. त्यातल्या ६० हजार जणांचे नवे मोबाइल आणि ईमेल एक्सेलमध्ये आलेत. सध्याची स्क्रिप्ट एकेका ग्राहकाला वेगळं अपडेट मारते, सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सगळे बदल शेवटी एकदम पक्के होतात. तेवढ्यात बिलिंगवाल्यांनी कुणाचा पत्ता बदलायला घेतला की त्यांची स्क्रीन अडकते. काय बदलावं?

स्लोक्वेरी
बदललेल्या ओळीवरचं लॉक कमिटपर्यंत (बदल पक्के होईपर्यंत) सुटत नाही, म्हणून अडकते. नुसतं वाचणाऱ्याला त्रास नाही.

सगळे कॉलम टेक्स्ट ठेवून स्टेजिंग टेबल (आलेला कच्चा डेटा ठेवायला वेगळं टेबल) करा, त्यात सीएसव्ही भरा. फाइल तुमच्या मशीनवर असेल तर पीएसक्यूएलमधलं (पोस्टग्रेसचं कमांड-लाइन साधन) बॅकस्लॅशवालं कॉपी वापरा. साधं कॉपी ती सर्व्हरवर शोधतं. मग ग्राहक क्रमांकावर जोडून एकच अपडेट-फ्रॉम (स्टेजिंगमधली मूल्यं घेऊन ग्राहक टेबल बदलणारं अपडेट). तेही जड वाटलं तर ५-५ हजारांचे तुकडे, दर तुकड्याला कमिट.

त्या अपडेटच्या वेअरमध्ये (अटीत) 'इज डिस्टिंक्ट फ्रॉम', म्हणजे मूल्य खरंच वेगळं असेल तरच बदल, हवंच. मूल्य तेच असलं तरी पोस्टग्रेस ओळीची नवी प्रत लिहितं, जुनी व्हॅक्यूम (पोस्टग्रेसची साफसफाई) येईपर्यंत पडून राहते. साधं <> लावलंत तर ज्यांचा मोबाइल आधी नल (रिकामा) होता ते गुपचूप सुटतील.

दहाआकडी
क्वेरीचं ठीक आहे, खरी गोची एक्सेलमध्ये. ९१ धरून १२ आकडी नंबर जनरल फॉरमॅटमध्ये असला की एक्सेल तो घातांकात (E+११ असं) दाखवतं, आणि सीएसव्हीत दिसतं तेच जातं. शेवटचे आकडे गेले ते गेले. आधी फॉरमॅट नंबर, दशांश शून्य करा आणि 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून सेव्ह करा.

स्टेजिंगमध्ये आकड्यांखेरीज सगळं काढा, उजवीकडचे १० घ्या, पहिला ६ ते ९ आहे का बघा. पुण्याचा ०२०वाला लँडलाइन इथे पकडला जातो. नागपूरचा ०७१२वाला मात्र ७ने सुरू होऊन मोबाइल म्हणून आत शिरतो. ०७१२ने सुरू होणारे ११ आकडी नंबर बाजूला काढून हाताने तपासा.

खातेवही
काही ईमेल रिकामे आहेत. आणि एकच ग्राहक दोनदा आला असेल तर?

स्लोक्वेरी
रिकामा सेल सीएसव्हीतून नल होऊन येतो. कोअलेस (नवं नल असेल तर जुनंच ठेवणारं फंक्शन) नसेल तर जुना चांगला ईमेल पुसला जाईल.

दुबार ओळींवर अपडेट-फ्रॉम एररही देत नाही, कुठली तरी एक उचलतं. दुबार शोधायला आधी ग्राहक क्रमांकावर ग्रुप बाय, हॅविंग काउंट > १ चालवा आणि मग स्टेजिंगच्या ग्राहक क्रमांकावर प्रायमरी की (दुबार क्रमांक नाकारणारी) लावा. त्या ६० हजारांची जुनी मूल्यंही वेगळ्या टेबलात ठेवा. कमिट झाल्यावर रोलबॅक (बदल मागे घेणं) नाही.