आजीची अपुरी गोधडी: पुरी करावी की तशीच ठेवावी?

धावदोरा:
माझं मत आधीच सांगते. घरात आजीची अर्धी शिवलेली गोधडी असेल तर ती पुरी करावी आणि पांघरावी. आठवण म्हणून पेटीत घालून ठेवू नये.

विषय काढायचं कारण, यावरून आमच्या घरात दोन तट पडलेत. आजीच्या मागे एक गोधडी राहिली. वरचे तुकडे सगळे जोडलेले आहेत: लुगड्यांचे काठ, आजोबांच्या सदऱ्याची बारीक चौकट, एका कोपऱ्यात कुणाच्या तरी झबल्याचं फुलाफुलाचं कापड. मधले थर आणि अस्तर कच्च्या दोऱ्याने टाचलेलं. धावदोरा कडेकडेने फिरत आत येतो आणि एका बाजूच्या मध्यावर थांबतो. आत्या म्हणते, तिला हात लावायचा नाही. मला ते पटत नाही. आजीने तरी कुठे नवं कापड आणलं होतं? त्यातला प्रत्येक तुकडा आधी कुणाच्या ना कुणाच्या अंगावर झिजलाय. वापरातूनच जन्मलेल्या वस्तूला वापरापासून जपायचं, ते कशासाठी?

आणि शिवायला बसल्यावर जे कळतं ते बघून कळत नाही. जाड जोड आला की आजी टाका लांबवायची आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा बारीक करायची. पुढच्या पिढीत हे कुणाच्या तरी हातात उतरायला हवं की नको?

जुनं_कापड:
पूर्ण असहमत. न शिवलेली गोधडी दहा वर्षांनीही शिवता येईल. शिवलेली उसवली तरी सुईची भोकं राहतात, आणि जुन्या विरलेल्या कापडात ती बुजत नाहीत. जो निर्णय मागे घेता येत नाही तो घाईने घेऊ नये, एवढं तरी मान्य करा.

दुसरं, अपुऱ्या गोधडीत जे दिसतं ते पुऱ्या गोधडीत झाकलं जातं. कच्चे टाके, गाठी, कडेला राहिलेली अस्तराची मोकळी बाजू, कोणता थर कशावर घातलाय, हे सगळं आज उघडं आहे. काम कुठल्या क्रमाने केलं ते त्यातून वाचता येतं. तुम्ही कच्चा दोरा काढून कडेला गोट लावला की ते गेलं. त्यानंतर ती तुम्हा दोघींची गोधडी होईल. चांगली होईलही, पण आजीने ठेवली होती ती ही नव्हे.

आणि 'पांघरावी' म्हणजे धुणं आलं, ऊन आलं. उजेडाने उडालेला रंग परत येत नाही. ते नुकसान रोज थोडं थोडं साठत जातं.

टाचणी:
दोघांनीही कापड सोसेल का हे विचारलेलं नाही, आणि खरा निर्णय तिथेच आहे. मी जुन्या गोधड्या दुरुस्त करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी गडद तपकिरी आणि काळे तुकडे बघा. जुन्या रंगकामात हे रंग पक्के करायला लोहाचे क्षार वापरत, आणि ते लोह काळाच्या ओघात सुताला खातं. म्हणून पुष्कळदा शेजारचं पांढरं कापड धडधाकट असतं आणि फक्त काळी नक्षी झडलेली असते. असा तुकडा बोटांनी ताणू नका. त्यावर नुसतं बोट फिरवा, भुकटी लागली तर त्यातून सुई घालायचीच नाही. वरून बारीक जाळीचं कापड ठेवून त्याच्या कडा आजूबाजूच्या मजबूत कापडात धरायच्या.

मग रंग. प्रत्येक रंगाच्या तुकड्यावर ओला पांढरा कपडा थोडा वेळ दाबून धरा. डाग उमटला तर ती गोधडी पाण्यात घालायची नाही, विषय संपला. लाल रंगावर तर अजिबात विश्वास ठेवू नका. आणि बरेच जण उलटं समजतात म्हणून सांगते: सुती धागा ओला झाला की कमजोर होत नाही, उलट थोडा मजबूत होतो. गोधडी फाटते ती पाणी प्यालेल्या थरांच्या वजनाने. टोकांना धरून उचलली की सगळा भार दोन-चार टाक्यांवर येतो. खाली चादर घालून चादरीसकट उचलायची आणि आडवीच वाळवायची, दोरीवर टाकायची नाही. रेशमाचं मात्र वेगळं, ते ओलं झालं की खरंच कमजोर होतं.

दोरा सुतीच घ्या, आणि कापडापेक्षा दणकट नको. ताण आला तर दोरा तुटावा. दोरा पुन्हा घालता येतो, पण कापड फाटलं की फाटलं.

एवढं सगळं ठीक निघालं तर माझं मत धावदोऱ्याच्या बाजूने. नुसते टाचलेले थर आत सरकतात, गोळा होतात, आणि दर घडीला वरच्या कापडावर ताण येतो. पेटीत ठेवली म्हणजे सुरक्षित राहिली, असं होत नाही.

आडवा_उभा:
इतकं कशाला? मशीनवर द्या, दुपारभरात उभ्या-आडव्या शिलाया मारून मिळेल. हाताने करू म्हणणाऱ्यांच्या घरातच या गोधड्या वर्षानुवर्षं पडून असतात.

जुनं_कापड:
नको, हे तर अजिबात नको. मशीनची शिलाई घट्ट आणि सरळ, आजीचा धावदोरा सैल आणि श्वास घेणारा. दोन्ही एकाच गोधडीत आले की ताण सारखा राहत नाही, आणि जुन्या भागाला चुण्या पडतात. यापेक्षा वेळ मिळेपर्यंत पडून राहिलेली बरी.

चौकोन:
एका मुद्द्याची भर. 'अपुरी' दोन प्रकारची असते. एकीत वरचे तुकडे आधी जोडून घेतात, मग थर रचून टाके घालतात. इथे आराखडा ठरलेला असतो, पुढचा माणूस फक्त टाके घालतो. दुसरी कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी (मूळच्या आफ्रिकी वंशाच्या) बायका शिवतात त्या कवंदी नावाच्या गोधडीसारखी: कडेपासून सुरुवात, तुकडा ठेवायचा आणि तिथेच धावदोऱ्याने शिवायचा, असं फिरत फिरत मध्याकडे. तिथे पुढचा तुकडा कोणता हे शिवणारीने त्या क्षणी ठरवलेलं असतं. अशी अर्धी राहिली तर ती दुसऱ्या कुणी पुरी करणं म्हणजे अर्धं चित्र दुसऱ्याने रंगवणं. धावदोरा, तुमची पहिल्या प्रकारची आहे, म्हणून मी तुमच्या बाजूचा. दुसऱ्या प्रकारची असती तर नसतो.

आणि पांघरण्याबद्दल. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड गावात मिसूरी पेटवे यांनी 1942 साली नवरा गेल्यावर त्याच्या शेतावरच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. आठवण म्हणून शिवली, पण अंगावर घ्यायला. 2002 पासून त्या गावच्या गोधड्या मोठमोठ्या संग्रहालयांत लागल्या. ठिगळं आणि उडालेले रंग तसेच होते, तरी लोक त्या बघायला आले.

जुनं_कापड:
उदाहरण चांगलं आहे, पण ते माझ्या बाजूचं आहे. ती गोधडी शिवणारीनेच पुरी केली.

धावदोरा:
टाचणीताई, मनापासून आभार. काळ्या काठावरून बोट फिरवलं, भुकटी लागली. तेवढा पट्टा जाळीखाली ठेवीन.

बाकी माझं ठरलंय. आजीचा दोरा पांढरा आहे, माझा निळा असेल, म्हणजे तिचं काम कुठे संपलं ते कुणालाही दिसेल. आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढणार. मागे मांजरपाटाची पट्टी लावून तिचं नाव, माझं नाव आणि सालं भरून ठेवणार. रोज नाही, पण घरात कुणी आजारी पडलं, बाळ आलं, की बाहेर काढायची. एरवी सुती कापडात गुंडाळून ठेवायची, आणि अधूनमधून घडी बदलायची.

जुनं_कापड:
निळ्या दोऱ्याची कल्पना प्रामाणिक आहे. तरी माझा विरोध कायम आहे, आणि आता त्याचं कारण कापड नाही. ती तुमची आजी, पण आत्याची आई. कच्चे टाके आत्याने बघितले असतील, आई शिवत असताना ती तिथे बसली असेल. तिला 'हात लावू नका' का वाटतं, हे तुम्ही इथे कुठेच लिहिलेलं नाही. ते आधी विचारा.

धावदोरा:
विचारलं नाही, हे खरं. रविवारी गोधडी घेऊनच तिच्याकडे जाते. पण ती नाही म्हणाली तरी मी माझी बाजू सोडणार नाही, तिच्याशी वाद घालीन.

टाचणी:
घाला वाद. पण नेताना घडी घालू नका. सुती चादरीत घालून सैल गुंडाळी करा, तो काळा पट्टा दुमडू देऊ नका.