‘हीथ’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : इंग्लंडच्या डॉर्सेटमधील पर्बेक हीथ्स या राष्ट्रीय राखीव क्षेत्राविषयीचा मजकूर मराठीत आणताना ‘लोलँड हीथ’पाशी अडलो आहे. ‘सखल पडीक जमीन’ किंवा ‘सखल माळरान’ चालेल का?

प्रतिसाद १ : ‘पडीक’ नको. एके काळी कसलेली आणि मग सोडून दिलेली जमीन पडीक. हीथची निकस, आम्लधर्मी, वाळूमिश्रित जमीन मुळात नांगराला फारशी मानवतच नाही. निरुपयोगी समजूनच ती शेती, पाइनची लागवड आणि घरे यांखाली घातली गेली, आणि १८०० पासून ब्रिटनमधील सखल हीथचा चार-पंचमांशाहून अधिक भाग नाहीसा झाला. उरलेल्या भागात, विशेषतः डॉर्सेटमध्ये, ब्रिटनच्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या सहाही देशी जाती सापडतात. त्यांतला सँड लिझर्ड हा सरडा उन्हाने तापणाऱ्या उघड्या वाळूतच अंडी घालतो, म्हणजे आपण ज्याला ओसाड म्हणू तेच त्याचे घरटे. रातवाही तिथे जमिनीवरच अंडी घालतो. डार्टफर्ड वॉर्ब्लर हा छोटा वटवट्या थंडीतही स्थलांतर न करता काटेरी गॉर्सच्या झुडपांत किडे-कोळी टिपत राहतो. १९६२-६३ च्या कडक हिवाळ्यानंतर ब्रिटनमध्ये त्याच्या जेमतेम दहा-अकरा जोड्या उरल्या होत्या.

‘माळरान’ अधिक जवळचे आहे, पण त्याने आपल्या डोळ्यांपुढे गवत आणि नान्नजचा माळढोक येतो. हीथवर राज्य हेदरच्या बुटक्या, सदाहरित झुडपांचे.

प्रतिसाद २ : सहमत. शिवाय ‘रान’ या शब्दाने ही जागा आपोआप घडली असे वाटते. कांस्ययुगापासून माणसाने जंगल तोडले, गुरे चारली, सरपणासाठी गॉर्स कापले, म्हणून हीथ टिकली. हे थांबले की बर्च आणि पाइन माजतात. त्यामुळे तिथले संवर्धक झाडे तोडतात आणि गुरे सोडतात, जे ‘राखीव’ या शब्दाला सरावलेल्या आपल्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. ‘माळ’ शब्दात मात्र चराई गृहीतच आहे. म्हणून ‘झुडपी माळ’ सुचवतो. ‘झुडपी जंगल’ टाळावे, कारण विदर्भात तो महसुली नोंदीतला शब्द आहे.

प्रश्नकर्ता : आभार. पहिल्या उल्लेखात ‘हीथ, म्हणजे झुडपी माळ’ आणि पुढे नुसते ‘हीथ’ असे लिहीन. पर्बेकचे २०२० मध्ये जोडलेले ३,३३१ हेक्टर क्षेत्र ‘पडीक’ म्हणून छापले गेले असते. आता लिंगाचा प्रश्न : वर ‘हीथ टिकली’ असे लिहिले आहे, पण माळ पुल्लिंगी.

प्रतिसाद २ : बरोबर, ‘तो हीथ’ करावे. स्त्रीलिंगी ‘माळ’ गळ्यात घालायची असते.